फ्रेयर, त्याचं घराणं आणि देवीचा गाडा

स्टॉकहोमच्या इतिहास म्युझियममध्ये ब्राँझची एक मूर्ती आहे, उंची जेमतेम 7 सेंटीमीटर, म्हणजे मुठीत सहज मावेल एवढी. टोकदार टोपी घातलेला माणूस मांडी घालून बसलाय, एका हाताने दाढी धरलीय आणि लिंग ताठ आहे. स्वीडनमधल्या रॅलिंगेला 1904 मध्ये ती सापडली आणि बरेच अभ्यासक म्हणतात हा फ्रेयर, नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा सुगीचा देव. कशावरून, तर 1070 च्या दशकात ब्रेमेनच्या आदाम नावाच्या धर्मगुरूने स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाचं वर्णन लिहिलंय, त्यातल्या फ्रिक्को (हा फ्रेयरच असं मानतात) नावाच्या देवाची मूर्ती अशीच भल्यामोठ्या लिंगाची होती आणि लग्न असलं की लोक त्याला बळी द्यायचे. रॅलिंगेच्या मूर्तीवर नाव कोरलेलं नाही, त्यामुळे शंका घेणारेही आहेत, आणि ती शंका रास्तच आहे.

ऊन-पाऊस फ्रेयरच्या हातात, चांगलं पीक आणि शांतता त्याच्याकडे मागायची. फ्रेयर हे खरं तर नाव नाही, त्याचा अर्थ 'मालक', आणि बहीण फ्रेया म्हणजे 'मालकीण'. बाप न्यॉर्ड, समुद्राचा आणि दर्यावर्दी लोकांचा देव. हे वानीर नावाच्या देवकुळातले. देवांचा प्रमुख ओडिन याच्या एसीर कुळाशी त्यांचं युद्ध झालं, मग तह झाला आणि न्यॉर्ड आणि फ्रेयर ओलीस म्हणून तिकडे राहायला गेले.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. इसवी सन 98 च्या सुमारास टॅसिटस हा रोमन लेखक उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांच्या नेर्थुस नावाच्या देवीबद्दल लिहितो. नेर्थुस आणि न्यॉर्ड हे भाषाशास्त्राच्या नियमाने एकच नाव! पुढच्या अक्षरात 'उ' असला की जुन्या नॉर्समध्ये आधीच्या 'ए'चा 'यॉ' व्हायचा, इंग्रजीतला शील्ड आणि नॉर्समधला स्क्यॉल्ड ही जोडी तशीच बनलीय. म्हणजे हजारेक वर्षांत नाव टिकलं आणि देवीचा देव झाला. कसा, यावर वाद आहे. काहींच्या मते आधी भाऊ-बहिणीची एकाच नावाची जोडी असावी, कारण फ्रेयर-फ्रेया न्यॉर्डला स्वतःच्या बहिणीपासून झाले असं जुन्या आइसलँडिक ग्रंथांत आहे आणि त्या बहिणीचं नाव मात्र कुठेच दिलेलं नाही. मला हे पटतं.

टॅसिटस सांगतो की नेर्थुसचा झाकलेला गाडा गायी ओढायच्या, तो गावोगाव फिरायचा आणि तेवढे दिवस कोणी लढाईला जायचं नाही, घरातलं सगळं लोखंड कुलपात. शेवटी गाडा तळ्यात धुवायचे आणि धुणाऱ्या गुलामांना त्याच तळ्यात बुडवायचे. डेन्मार्कच्या देयबियर्गला 1880 च्या दशकात दलदलीतून जवळपास 2000 वर्षांपूर्वीचे दोन सजवलेले गाडे निघाले, सुटे करून ठेवलेले. ते नेर्थुसचेच असं म्हणता येणार नाही, पण गाडा देवाला वाहायची रीत होती हे दिसतं. आणि आइसलँडमध्ये कितीतरी नंतर लिहिलेल्या एका कथेत स्वीडनमध्ये फ्रेयरची मूर्ती गाड्यात बसवून पिकासाठी गावोगाव फिरवतात, सोबत त्याची बायको मानलेली पुजारीण. तोच गाडा, फक्त आत मुलगा!

आणि शस्त्र बाजूला ठेवायचं हेही मुलाकडे आलंय असं मला वाटतं. फ्रेयरला गेर्ड ही राक्षसकन्या आवडली, तिला मागणी घालायला त्याने स्किर्नीर या नोकराला पाठवलं आणि बदल्यात आपली तलवार देऊन टाकली. स्किर्नीरने सोन्याची सफरचंदं देऊ केली, ती नको म्हणाली, मग त्याने भयंकर शापांच्या धमक्या दिल्या तेव्हा ती तयार झाली, हे वाचताना त्रास होतो. जगाच्या अखेरच्या लढाईत याच तलवारीवाचून फ्रेयर सुर्त या आगीच्या राक्षसाकडून मारला जातो. पण या मागणीची गोष्ट ज्या जुन्या कवितेत आहे तिच्यात त्याच्या मरणाचं काही येत नाही, तिथे गेर्ड सांगते की नऊ रात्रींनी बारी नावाच्या राईत भेटू, आणि फ्रेयर म्हणतो एक रात्र मोठी, दोन त्याहून मोठ्या, तीन मी काढू कशा.