त्या काळचं की त्या घाटाचं?

इंग्लंडमधल्या लिलावाच्या कॅटलॉगात अशा दोन ओळी हमखास सापडतात. एक, ‘जॉर्ज तिसरा, महोगनीचं खणांचं कपाट, अंदाजे 1770’. दुसरी, ‘महोगनीचं खणांचं कपाट, जॉर्ज तिसरा स्टाइल’. फोटोत दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. वर दोन छोटे खण, खाली तीन लांब, पितळी कड्या, तोच तांबूस तपकिरी रंग. फरक फक्त ‘स्टाइल’ या एका शब्दाचा, आणि पैसे मोजताना तो शब्द फार महागात पडू शकतो.

पहिल्या ओळीचा अर्थ असा की कपाट जॉर्ज तिसऱ्याच्या कारकिर्दीत, म्हणजे 1760 ते 1820 या काळात बनलंय, निदान लिलाववाल्यांचं तसं मत आहे. दुसरीत फक्त घाट त्या काळचा. लाकूड कापलं गेलं ते कदाचित 1905मध्ये, एडवर्ड सातव्याच्या राज्यात. घोळ असा की 1905चं कपाटही आता शंभरी ओलांडून गेलंय. शंभर वर्षांचा सर्वमान्य निकष लावला तर तेही ‘अँटिक’च. त्यामुळे विकणारा ‘अँटिक आहे’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, आपण भलताच प्रश्न विचारलेला असतो. अमेरिकेच्या 1930च्या जकात कायद्यात एकेकाळी 1830च्या आधीच्याच वस्तूंना अँटिक म्हणून करमाफी होती. शंभर वर्षांचा सरकता निकष नंतर आला. जॉर्जियन काळही, म्हणजे इंग्लंडच्या चार जॉर्ज राजांचा काळ, 1830लाच संपतो, त्यामुळे ती जुनी रेघ माझ्या मते जास्त कामाची होती.

एवढ्या नकला आल्या कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांना आजोबा-पणजोबांच्या फर्निचरची पुन्हा ओढ लागली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत कारखान्यांनी ते ढिगाने बनवलं. त्यातलं बरंचसं उघडपणे नक्कल म्हणून विकलं गेलं, फसवायचा हेतू नव्हता. शंभर वर्षांत पावत्या हरवल्या आणि घाट तेवढा उरला.

नावांनी गोंधळ आणखी वाढवलाय. लंडनचा फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल याने 1754मध्ये नमुन्यांचं एक मोठं पुस्तक काढलं. ते विकत घेऊन यॉर्कशायरपासून अमेरिकेपर्यंत कुणीही सुतार त्यातली खुर्ची बनवू शकत होता, आणि बनवतही होते. स्वतः चिपेंडेल आपल्या मालावर शिक्का मारत नसे. हेअरवुड हाउस किंवा डमफ्रीज हाउस या ब्रिटनमधल्या वाड्यांतलं काम त्याचं म्हणतात ते जुन्या बिलांच्या आणि पत्रव्यवहाराच्या आधारावर. त्याच शतकातला दुसरा फर्निचरवाला हेपलव्हाइट, त्याचं तर विचारूच नका. तो वारला 1786मध्ये, त्याचं पुस्तक बायकोने 1788मध्ये छापलं आणि त्याच्याच हातची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू नाही. तेव्हा ‘चिपेंडेल खुर्ची’ ऐकलं की मी त्याचा अर्थ ‘त्या घाटाची खुर्ची’ एवढाच घेते. लँकेस्टरच्या गिलोजसारखे मोजके कारखाने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शिक्का मारत. तो खणाच्या वरच्या कडेवर सापडला तर दिवस सार्थकी लागला.

मग ओळखायचं कसं? समोरून नाही. समोरची बाजू दाखवण्यासाठीच केलेली असते, नकलेतही ती उत्तम असते. लिलावाआधीच्या पाहणीच्या दिवशी मी सरळ गुडघ्यावर बसते, एक लांब खण पूर्ण बाहेर काढते आणि उपडा करते. आसपासचे बघतात, बघू देत.

खरोखर 1770च्या खणाचा तळ करड्या, कोरड्या, धुळकट रंगाचा असतो. अडीचशे वर्षं त्याला हवा लागली, पॉलिश कधीच लागलं नाही. नकलेत बऱ्याचदा तिथे एकसारखा चहाच्या चोथ्यासारखा रंग फासलेला दिसतो. अहो, खणाच्या बुडाला कोण कशाला रंग लावेल? लपवायचं काही असल्याशिवाय. मग करवतीच्या खुणा. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ, पण कमीजास्त अंतरावर. अर्धगोल, कंपासने काढल्यासारख्या रेघा दिसल्या तर ती यंत्राची गोल करवत, आणि ती सरसकट आली एकोणिसाव्या शतकात. खणाच्या खालच्या कडा सरकून सरकून झिजलेल्या हव्यात, आणि त्याच मापाची झीज खण ज्यांवर सरकतो त्या आतल्या पट्ट्यांवर हवी. एक झिजलेलं नि दुसरं कोरं असेल तर दोघांची ओळख नवी आहे.

कोपऱ्यातला पारव्याच्या शेपटीसारखा सांधा, डव्हटेल, लोक पहिल्यांदा बघतात. हाताने कापलेले दात थोडे वाकडेतिकडे, मधल्या खाचा अगदी बारीक आणि शेजारी सुताराने टोकाने ओढलेली आखणीची रेघ. मशीनचे सगळे एकसारखे. पण चांगले इंग्लिश कारागीर विसाव्या शतकातही हातानेच सांधे कापत होते, म्हणून एकट्या सांध्याची साक्ष मी धरत नाही. स्क्रू जास्त बोलका. टोकदार स्क्रू साधारण 1850नंतरचे. त्याआधीच्यांची टोकं बोथट आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. अर्थात दुरुस्तीत नवा स्क्रू येतो, म्हणून एक स्क्रू म्हणजे निकाल नव्हे. कड्यांच्या मागे, खणाच्या आतून बघा. जादा बुजवलेली भोकं असतील तर कड्या बदलल्यात. त्याने फारसं बिघडत नाही, फॅशनप्रमाणे कड्या बदलणं तेव्हाही चालायचं.

दोन खुणा मला विशेष आवडतात, कारण त्या नकलाकाराच्या हातात नसतात. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून जुन्या गोल टेबलाचा अखंड फळीचा माथा दोन्ही दिशांनी टेपने मोजला तर काही मिलिमीटरने लंबगोल निघतो. अगदी तंतोतंत गोल निघाला तर मी पर्स बंद करते. दुसरी खूण किड्यांची. लाकूड पोखरणारा किडा बाहेर पडताना एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडतो, पृष्ठभागावर नाल्या खोदत बसत नाही. अशा उघड्या नाल्या दिसल्या तर जुनं लाकूड नंतर कापून पुन्हा वापरलंय.

एक तिसरा प्रकारही असतो, त्याला व्यापारात ‘मॅरेज’ म्हणतात. वरचं पुस्तकांचं कपाट एका घरचं, खालचे खण दुसऱ्या घरचे. दोन्ही अस्सल, पण लग्न बाजारात लावलेलं. लाकडाची रेषा आणि मागच्या फळ्या जुळत नसतील तर समजावं.

आता निगा. इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. त्या काळच्या वस्तूची किंमत बरीचशी तिच्या कातडीत असते. ऊन, मेण, हाताचा तेलकटपणा, पुसणं यांनी लाकडावर जी खोल, असमान कांती चढते, तिला पॅटिना म्हणतात, आणि ती परत आणता येत नाही. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी वारशात आलेलं अस्सल जॉर्जियन कपाट ‘जरा उजळवून घेऊ’ म्हणून पॉलिश पेपरने घासून घेतलं, वर चकचकीत थर दिला. मूल्यांकन करणाऱ्याने हात फिरवला आणि खणसुद्धा उघडला नाही. खालचं लाकूड 1770चं होतं, पण दिसायला आता ते नकलेहून नवं झालं होतं. ‘स्टाइल’च्या कपाटाला हाच उपचार केला असता तर फारसं काही गेलं नसतं.

म्हणून निगा वस्तू बघून ठरवावी. नकलेवर डाग पडले, पॉलिश गेलं, तर खुशाल नवं फ्रेंच पॉलिश करून घ्या. हे म्हणजे आपल्याकडच्या सुतारांचं चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिशच. लाख गेली भारतातून, नाव मिळालं फ्रान्सचं. इंग्लंडमध्ये ते रुळलं 1820च्या सुमारास, म्हणजे 1770च्या कपाटावरची आरशासारखी चमक मुळातली नसते. अशा कपाटाला कोरड्या मऊ कापडाने पुसणं आणि वर्षातून एकदा-दोनदा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात, एवढं पुरे. सिलिकॉनचे स्प्रे नकोत. सांधा सुटला तर सरस वापरणारा कारागीर शोधा. सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, फेव्हिकॉलचा सांधा सोडवताना लाकूडच फाटायची भीती. भोकांतून ताजा पिठासारखा भुसा पडत असेल तरच किड्याची काळजी करा, जुनी भोकं नुसती खूण आहे.

मुंबई-कोकणात असं फर्निचर असेल तर पावसाळ्यात खण अडकणारच. सुताराला रंधा मारू देऊ नका, दिवाळीपर्यंत लाकूड आपोआप आकसतं. तोवर कडांवर मेणबत्ती घासा. चोरबाजारात ‘इंग्लिश’ म्हणून जे मिळतं, ते मात्र बऱ्याचदा इथेच सागवानात किंवा शिसवीत घडवलेलं असतं. ते नक्कल नव्हे, वेगळ्याच घराण्याचं आहे, आणि महोगनीच्या भावाने विकत घ्यायची गरज नाही.

राहता राहिला भाव. या सहस्रकाच्या सुरुवातीपासून तिकडे ‘ब्राउन फर्निचर’ची, म्हणजे अशा गडद तपकिरी लाकडाच्या जुन्या फर्निचरची मागणी उतरली. छोट्या फ्लॅटांत पाच खणांची धूड कुणाला नकोत. त्यामुळे साधंसं जॉर्जियन कपाट आणि उत्तम बांधणीची 1905ची नक्कल यांच्यातलं अंतर कधीकधी अगदी थोडं असतं. असं झालं की मी पाय बदललेलं, पाठीला भेग गेलेलं, पण वरून कुणी घासलेलं नसलेलं जुनं कपाट निवडते. पाय काय, पुन्हाही बदलता येतात.