तापीकाठचे माकड आणि मानसशास्त्राची प्रयोगशाळा

प्राण्यांच्या अभ्यासकांना तापी नदी एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. पश्चिम भारतात तापीच्या उत्तरेला लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेला टोपी माकड, अशी या दोन जातींची पारंपरिक हद्द मानली जात आली. अलीकडे ती काही ठिकाणी पुसट झाली आहे. खान्देश नेमका या हद्दीवर आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतील मानसशास्त्राचे विद्यार्थी ज्या माकडांच्या प्रयोगांवर टिपा लिहितात ती माकडे याच ऱ्हीसस जातीची होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला या जातीची माकडे उत्तर भारतात पकडून फार मोठ्या संख्येने परदेशी पाठवली जात होती, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते.

प्राण्यांवरील प्रयोगांना होणारा विरोध मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेपेक्षाही जुना आहे. अशा प्रयोगांवर बंधने घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ साली झाला आणि मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी, वुंट यांची जर्मनीतील लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९ साली उभी राहिली. त्याआधीच डार्विन यांनी माणसाच्या व प्राण्यांच्या भावनांमधील साम्य दाखवून (१८७२) प्राण्यांवरून माणसाचे मन अभ्यासण्याची वाट मोकळी केली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेटीत ठेवून प्रयत्न-प्रमादाने होणारे अध्ययन मांडले. खाण्याच्या नुसत्या संकेतानेच लाळ गाळायला शिकलेल्या, पावलॉव्ह यांच्या कुत्र्याची आकृती तर प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत काढलेली असते. परंतु लाळेचे थेंब मोजता यावेत म्हणून त्या कुत्र्याची लाळनलिका शस्त्रक्रियेने गालाबाहेर काढलेली असे, हे त्या आकृतीखाली लिहिलेले नसते.

हॅरी हार्लो यांचा प्रयोग येथे सविस्तर पाहायला हवा. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे ते ऱ्हीसस माकडांवर संशोधन करीत होते. बाहेरून आणलेली माकडे पुष्कळदा आजारी असत, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच पैदास सुरू केली आणि पिल्ले जन्मानंतर काही तासांतच आईपासून वेगळी करून बाटलीच्या दुधावर वाढवली. पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कापडाला ही पिल्ले घट्ट बिलगत आणि कापड बदलायला घेतले की आकांत करीत. या निरीक्षणातून १९५८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उभा राहिला. पिल्लांसमोर दोन कृत्रिम आया ठेवल्या, एक उघड्या तारेची आणि दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे मिळत असले तरी पिल्लू पिण्यापुरते तिच्याकडे जाई आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या आईला धरून बसे. मूल आईला केवळ दुधासाठी चिकटते, या तेव्हाच्या समजाला या प्रयोगाने जबर धक्का दिला.

पुढे मात्र हार्लो यांनी पिल्लांना महिनोन्‌महिने पूर्ण एकांतात ठेवले. बाहेर काढल्यावर ही पिल्ले स्वतःला मिठी मारून डोलत बसत, स्वतःलाच चावत. नैराश्याच्या अभ्यासासाठी विहिरीसारखा खोल, निमुळता पिंजराही बनवण्यात आला. आईपासून तुटलेल्या मुलांचे काय होते, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात आधीच मांडलेले होते. म्हणून पहिल्या प्रयोगाचे मोल मान्य करूनही या नंतरच्या प्रयोगांचे समर्थन मला करता येत नाही. माकडाचे दुःख आपल्यासारखे आहे म्हणूनच त्याच्यावरचा निष्कर्ष आपल्याला लागू पडतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ते दुःख मुद्दाम देण्याचा अधिकार संशयास्पद ठरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके देऊन ‘शिकलेली असहायता’ (सुटकेची वाट असूनही प्रयत्न सोडून देणे) मांडली, तेथेही हाच पेच आहे. जवळपास पन्नास वर्षांनी या दोघांनीच तो सिद्धान्त उलटवला: असहायता शिकावी लागत नाही, शिकले जाते ते परिस्थितीवरचे नियंत्रण.

ऱ्हीसस माकडांची निर्यात भारताने १९५५ मध्ये काही काळ थांबवली आणि नंतर वापराच्या अटी घालून पुन्हा सुरू केली. पोलिओच्या लसीसाठी तेव्हा ही माकडे मोठ्या प्रमाणावर लागत. लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत त्यांचा वापर झाल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यातबंदी जाहीर केली आणि ती १९७८ मध्ये अमलात आली.

देशांतर्गत कायदा त्याआधीच झाला होता. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून हा विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. त्याने प्रयोगांवर सरसकट बंदी घातली नाही. देखरेखीसाठी समितीची तरतूद केली, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी टाळावा, केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नये, अशी दिशा दिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली त्रिसूत्री, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि पद्धत कमी वेदनादायी करणे, हीसुद्धा त्याच सुमाराची. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी आणि स्वतःची नीतिसमिती बंधनकारक केली.

आपल्याकडे पदवीच्या प्रात्यक्षिकात आज विद्यार्थीच एकमेकांचे ‘प्रयुक्त’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती, होतात. डोळ्यांवर पट्टी बांधून बोटाने चक्रव्यूहाचा मार्ग शोधणारा विद्यार्थी कंटाळला तर तसे सांगून उठू शकतो. ज्या उंदरांवरून तो चक्रव्यूह आला, त्यांना ही सोय नव्हती.