मोड आलेले मूग, सापाचं विष आणि बीपीची गोळी

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, रोज वाटीभर कच्चे मोड आलेले मूग खा, त्यात बीपीच्या गोळीतलंच औषध असतं, महिन्यात गोळी सुटते. त्यावर मावशीचं लगेच "उद्यापासून सुरू 👍". एरवी असलं काही मी वाचतही नाही, पण यात चिमूटभर खरं आहे आणि तेवढंच भारी इंटरेस्टिंग आहे म्हणून लिहायला बसलो.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची लांबलचक माळ. कडधान्याच्या दाण्यात या माळा भरून ठेवलेल्या असतात, उद्याच्या रोपाचा शिधा म्हणून. आपण उसळ खाल्ली की पोटात पेप्सिन आणि पुढे आतड्यात ट्रिप्सिन वगैरे एन्झाइम्स त्या माळा तोडत बसतात, आणि तोडता तोडता साधारण २ ते २० मण्यांचे जे बारके तुकडे पडतात त्यातले काही नुसतं पोषण करून थांबत नाहीत, शरीराच्या एखाद्या यंत्रणेत लुडबुड करतात. याच तुकड्यांना बायोॲक्टिव्ह पेप्टाइड म्हणायचं. अख्ख्या माळेत हा गुण दिसत नाही, तुटली की दिसतो.

आता यात बीपी कुठून आलं? आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन-१ नावाचा १० मण्यांचा तुकडा असतो. एसीई नावाचं एन्झाइम त्याच्या टोकाचे २ मणी छाटतं, उरतो ८ मण्यांचा अँजिओटेन्सिन-२, आणि हा महाशय रक्तवाहिन्या आवळतो, बीपी चढतं. म्हणजे एसीईच्या तोंडात बोळा कोंबला की काम झालं. हा बोळा सापडला कुठे, तर ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापात! हा चावला की माणसाचं बीपी धाडकन पडायचं. १९६० च्या दशकात सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्या विषातली पेप्टाइड्स शोधली, त्यांच्या शेपटाला प्रोलिन नावाचा मणी होता, त्याच धर्तीवर अमेरिकेत कुशमन आणि ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं आणि १९८१ मध्ये त्याला तिकडे मंजुरी मिळाली. आजचं एनालाप्रिल, रामिप्रिल त्याच घराण्यातलं, घरातल्या एखाद्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल तर बघा.

आणि मूग? मुगाचं प्रोटीन लॅबमध्ये एन्झाइमने तोडून बघितलं तर त्यातही एसीईला अडवणारे तुकडे सापडले, त्यातला एक ८ मण्यांचा आहे. सोयाबीन, हरभरा, मसूर, वाटाणा यांच्यातूनही असे तुकडे मिळालेत. मोडाचा मुद्दाही अगदीच हवेतला नाही, कारण मूग रात्रभर भिजवून, उपसून फडक्यात घट्ट बांधले की दुसऱ्या दिवशी पुरचुंडी हाताला कोमट लागते बघा, आत दाणा जागा झालेला असतो, कोंबाला खायला घालायला तो स्वतःच्याच एन्झाइम्सनी माळा तोडायला लागतो. थोडी कापाकापी आपल्या पोटाआधी तिथेच होते.

मग मावशीची गोळी का सुटत नाही? एक तर ताकद. टेस्ट ट्यूबमध्ये कॅप्टोप्रिल जेवढं लागतं त्याच्या शेकडो, कधी हजारो पट हे कडधान्यातले तुकडे लागतात. आणि टेस्ट ट्यूबला पोट नसतं! ८ मण्यांचा तुकडा आतड्यातून धड रक्तात पोचणं कठीण, २-३ मण्यांचे बरे आत शिरतात, मोठ्यांचे परत तुकडेच होतात. इन्सुलिन गोळी म्हणून न देता टोचावं लागतं त्याचंही हेच मोठं कारण, ५१ मण्यांचं पेप्टाइड आहे ते, गिळलं की पोट त्याला डाळीसारखंच पचवून टाकतं. उंदरांवरचे निकाल बरे आलेत, पण तिथे बऱ्याचदा शुद्ध केलेलं पेप्टाइड मोजून पाजलेलं असतं, उसळ नाही.

माणसांवरचा पुरावा बघायचा तर अख्ख्या कडधान्यांचा बघावा. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, दिवसाला साधारण १३० ग्रॅम शिजलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे ५ टक्क्यांनी कमी झालं. पण त्यात फायबरचा वाटा मोठा असणार, सगळं श्रेय पेप्टाइडला देता येत नाही. म्हणून पेप्टाइड पावडरचे महागडे डबे बघितले की मला हसू येतं.

त्या फॉरवर्डमधल्या 'कच्चे'वर तर माझा खरा राग आहे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच बॅक्टेरियालाही आवडते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय पसरला, ५० हून जास्त माणसं गेली. वाफ तरी काढा हो.

शेवटी मावशीला फोन केला. गोळी अजिबात बंद करू नकोस म्हटलं, आणि तुझी 'प्रिल'वाली आहे, तिने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, कडधान्यातही पोटॅशियम असतंच, तेव्हा किडनीचा रिपोर्ट दाखवून किती खायचं ते डॉक्टरांना विचार. ती म्हणाली, "म्हणजे मूग फेकून देऊ की काय? भिजवलेत मी अर्धा किलो." म्हटलं अगं फेकतेस कशाला, उसळ कर, मीठ जरा हात राखून टाक आणि मला डबा पाठव.