चोरटी प्रत आणि गाण्या-चित्रपटांची किंमत : पार्श्वभूमी

ग्रामोफोनची तबकडी घरी किंवा दुकानात उतरवून घेता येत नव्हती, त्यामुळे तिची किंमत कंपनी ठरवील तीच राहिली. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र) येऊ लागले आणि ही मक्तेदारी ढिली झाली. ऐंशीच्या दशकात कोऱ्या कॅसेटमध्ये हवी ती गाणी ‘भरून’ देणारी दुकाने गावोगाव निघाली. अधिकृत कॅसेट महाग होती आणि पुष्कळदा मिळतही नव्हती.

याच काळात ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ या संज्ञेचा गुंता झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(जे) नुसार, एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित झालेले गाणे, पूर्वसूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून, दुसऱ्या कोणालाही नव्याने ध्वनिमुद्रित करता येत असे. या तरतुदीच्या आधारे जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्त कॅसेटवर आली. मूळ ध्वनिमुद्रणाची नक्कल करणे ही उघड चोरी होती. नव्याने गाऊन घेणे ही कायद्याने दिलेली मुभा होती. जुन्या कंपन्यांनी मात्र दोन्हींना एकाच पंगतीत बसवले, आणि तो अन्याय होता असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण कॅसेट सामान्य घरात पोहोचण्यात या स्वस्त आवृत्त्यांचा वाटा मोठा होता. अर्थात मानधन बुडवणारे आणि वेष्टनावरून मूळ गायकाचाच आवाज असल्याचा भास निर्माण करणारेही होते, हे नाकारता येणार नाही. १९९४ च्या दुरुस्तीने अशा ध्वनिमुद्रणासाठी दोन वर्षे थांबण्याची अट घातली. २०१२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर गेली आणि किमान ५० हजार प्रतींचे मानधन बंधनकारक झाले, म्हणजे छोट्या निर्मात्याची वाट जवळपास बंदच झाली.

चित्रपटांच्या बाबतीत किमतीने उत्तर देण्याचा ठळक प्रयत्न २००७ मध्ये झाला. एका कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. हा भाव पदपथावरील चोरट्या प्रतीला समोर ठेवूनच काढलेला होता. शासनाने धाकाचा मार्ग धरला. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश झाला.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि तबकडीची जागा लिंकने घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये एका परदेशी चित्रपटसेवेने भारतातील आपली ‘बेसिक’ योजना ४९९ रुपयांवरून १९९ वर आणि फक्त मोबाइलवरची योजना १९९ वरून १४९ वर आणली. तिची स्पर्धा इतर सेवांशी होती, तशीच फुकट मिळणाऱ्या लिंकशीही होती.