पेटंटमधील औषधावर प्रयोग करण्याची मुभा

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत 37 अंश सेल्सिअसला तापवलेल्या पाण्यात सहा काचपात्रे बुडवून ठेवलेली दिसतात. प्रत्येकात एकेक गोळी टाकायची आणि ठरावीक मिनिटांनी द्रावणाचा नमुना काढून औषध किती विरघळले हे मोजायचे, असे हे काम चालते. समजा ते औषध दुसऱ्या कंपनीच्या पेटंटखाली आहे आणि पेटंटची मुदत अजून संपलेली नाही. मग चाचणीसाठी ती गोळी बनवणे हा पेटंटभंग ठरतो का?

अमेरिकेत तो एकदा ठरला होता. फ्लुराझेपाम या झोपेच्या औषधावरील रोश कंपनीचे पेटंट जानेवारी 1984 मध्ये संपणार होते. बोलार कंपनीने आदल्या वर्षीच परदेशातून पाच किलो औषधद्रव्य मागवून चाचण्यांची तयारी सुरू केली आणि न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. हा निकाल टिकला असता, तर मुदत संपल्यावर चाचण्या, त्यानंतर विक्रीच्या परवान्याची प्रतीक्षा, असे करत मूळ कंपनीची मक्तेदारी कागदावरच्या मुदतीपेक्षा पुढे लांबली असती. म्हणून 1984 मध्येच तिथे कायदा बदलून अशा चाचण्यांना संरक्षण दिले गेले.

भारतात हे संरक्षण 2002 च्या दुरुस्तीने पेटंट कायद्याच्या कलम 107-अ मध्ये आले. परवान्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याकरिता पेटंटमधील औषध बनवता, वापरता आणि विकताही येते. ती माहिती परदेशी नियामकाला द्यायची असली तरी चालते, आणि त्यासाठी औषध निर्यात करता येते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. मात्र या कलमाच्या आडून बाजारासाठी माल साठवता येत नाही.

मला त्याहून मोलाचे वाटते ते कलम 47. पेटंट दिले जाते तेच या अटीवर, की केवळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकवणे यासाठी ती वस्तू वा प्रक्रिया कोणालाही वापरता येईल. म्हणजे ही पेटंटधारकाने संशोधकावर केलेली मेहेरबानी नव्हे. पेटंटधारकाचा हक्क जन्मतःच इतका मर्यादित आहे. शोध लावणारा आपली कृती जगापुढे मांडतो आणि त्या बदल्यात 20 वर्षांचा एकाधिकार घेतो, हा मूळ सौदा. ती कृती करून पाहण्याचीच बंदी असेल, तर दाव्यातली चूक कोण शोधणार आणि त्यापुढचे पाऊल कोण टाकणार?

अमेरिकेतील विद्यापीठांना इतका आधार नाही. ड्यूक विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मेडी यांच्या पेटंटमधील लेझर उपकरणे त्यांच्या राजीनाम्यानंतरही विद्यापीठ वापरत राहिले. 2002 मध्ये न्यायालयाने म्हटले की संशोधन हेच विद्यापीठाचे कामकाज आहे, त्यामुळे नफा नसला तरी तेवढ्यावर सूट मिळत नाही. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात किंवा दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्याला आपल्या कायद्याचे मोल यावरून कळावे.

तरीही एक फट उरते. समुद्री जिवाणूंची जनुके तपासणारी विद्यार्थिनी जे पेटंटमधील विकर (एन्झाइम) वापरते, ते तिचे साधन असते, अभ्यासविषय नव्हे. अशा विकरांच्या खोक्यात कित्येकदा बारीक अक्षरांत वापराच्या अटींची चिठ्ठी असते. ती कराराची भाषा आहे, आणि कलम 47 ने दिलेली मोकळीक अशा करारात परत देऊन टाकली जाऊ शकते. खोके फोडण्यापूर्वी, शक्यतो खरेदीच्या आदेशावर सही होण्यापूर्वीच, संस्थेने ती चिठ्ठी वाचली पाहिजे.