रोजच्या टिकलीचीही ॲलर्जी होते

‘जी वस्तू वर्षानुवर्षे वापरात आहे, तिची ॲलर्जी होऊच शकत नाही’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. तो पटण्याजोगा वाटतो. मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे.

स्पर्शाची ॲलर्जी होण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशींनी तो पदार्थ आधी ओळखून ठेवावा लागतो, आणि ही ओळख काही आठवड्यांत पटते किंवा वीस वर्षांनीही. शिवाय पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे शनिवारच्या लग्नात घातलेल्या खोट्या दागिन्याचा दोष सोमवारच्या साबणावर जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर घामाने अशा दागिन्यांतील ॲलर्जी करणारा निकेल हा धातू अधिकच सुटतो.

पहिला पुरावा डाग स्वतःच देतो: कपाळावर टिकलीएवढाच गोल चट्टा, किंवा बेंबीखाली जीन्सच्या बटणाजागी खाज. रक्ततपासणीने ही ॲलर्जी कळत नाही, कारण ती तपासणी तत्काळ होणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. येथे पॅच टेस्ट लागते: संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि त्वचारोगतज्ज्ञ त्या काढल्यावर व पुन्हा साधारण चौथ्या दिवशी पाठ तपासतात. दुसरी भेट अनेकजण टाळतात, आणि उशिरा उमटणारी खूण नेमकी तेव्हाच निसटते.

ही चाचणीही अचूक नव्हे. स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे खूण दबू शकते, नुसत्या जळजळीने खोटी खूण उमटू शकते, आणि पट्टीत नसलेला पदार्थ सापडणारच नाही. म्हणून आपली नेहमीची टिकली, क्रीम सोबत न्यावी.