इक्वेडोरमधल्या खाणी बंद झाल्या? छे!

‘इक्वेडोरने निसर्गाला हक्क दिले आणि खाणकाम संपलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातलं अर्धंच खरं आहे. २००८च्या संविधानाचं कलम ७१ निसर्गाला, म्हणजे ‘पाचामामा’ला, हक्क देतं, पण त्याच संविधानानुसार जमिनीखालचं तेल आणि खनिजं सरकारच्या मालकीची. आदिवासींशी सल्लामसलत बंधनकारक, नकाराधिकार मात्र नाही. म्हणून तर २०१९मध्ये मिराडोरची तांब्याची उघडी खाण सुरू झालीच.

मग कलम नुसतं शोभेचं? तसंही नाही. लोस सेद्रोसच्या धुक्यात बुडालेल्या जंगलातले खाणपरवाने संविधान न्यायालयाने २०२१मध्ये निसर्गाच्या हक्कांचा आधार घेत रद्द ठरवले. यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या ४३ क्रमांकाच्या ब्लॉकमधलं, म्हणजे तेलासाठी आखलेल्या पट्ट्यातलं, तेल काढायचं नाही, हे मात्र २०२३मध्ये मतदारांनी ठरवलं. सुमारे ५९ टक्क्यांनी.